टेन्शनची गोळी : किती दिवस, कुणी आणि कशी घ्यावी



गाळप हंगाम सुरू झाला की आपल्या भागात घरोघरी एकच विषय असतो : तोड कधी येणार? आडसाली ऊस अठरा महिन्यांचा होऊन तुऱ्यावर आलेला, सोसायटीचे व्याज चढते आहे, पोरीचे लग्न जानेवारीत धरले आहे आणि मुकादमाचा फोन लागत नाही. अशा वेळी रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. छातीत धडधडते, तळहाताला घाम सुटतो, जेवणावरची वासना उडते. मग कुणीतरी जवळचा माणूस म्हणतो, "आण्णा, माझ्याकडं बारकी गोळी हाय. अर्धी घ्या, गपगार झोपशिला." आणि खरोखरच झोप लागते. दुसऱ्या दिवशी माणूस मेडिकलमध्ये जाऊन तीच पट्टी मागतो. ती पट्टी कधीकधी पुढे दहा दहा वर्षे सुटत नाही.

आजच्या लेखाचा विषय ही गोळी आहे. गोळी वाईट आहे असे सांगण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही, हे आधीच सांगतो. योग्य वेळी, योग्य दिवस घेतली तर ती चांगले काम करते. पण ती थोड्या दिवसांची गोळी आहे, वर्षांची नव्हे. आणि वर्षानुवर्षे घेतली गेली असेल तर ती एका दिवसात फेकून देण्याचीही नव्हे. ह्या दोन गोष्टी आपल्याकडे नीट कुणी सांगत नाही. डॉक्टरसाहेबांना गर्दीत वेळ नसतो आणि आपण विचारत नाही.

ही गोळी आली कुठून

पूर्वी, म्हणजे १९५० सालाच्या आसपास, मन शांत करायला आणि झोप आणायला बार्बिट्युरेट नावाची औषधे वापरत. ती फार धोक्याची. गुण येण्याचा डोस आणि जिवावर बेतण्याचा डोस यांत अंतर थोडे. अमेरिकेत रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत लिओ स्टर्नबाख नावाचे रसायनशास्त्रज्ञ नव्या औषधाच्या शोधात होते. १९५७ साली टेबलावरचा जुना पसारा आवरताना एक मागे राहिलेली पूड तपासणीला पाठवली गेली आणि तिचा गुण दिसला. त्यातून १९६० साली लिब्रियम आणि १९६३ साली व्हॅलियम बाजारात आले. व्हॅलियम म्हणजेच डायझेपाम. आपल्याकडच्या जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'काम्पोज' हे नाव असते, तीही हीच. पुढे ह्याच घराण्यात लोराझेपाम, नायट्राझेपाम, क्लोनाझेपाम, अल्प्राझोलम अशी भावंडे निघाली. नावाच्या शेवटी 'झेपाम' किंवा 'झोलम' आले की ओळखावे, घराणे हेच. सगळ्या घराण्याला बेन्झोडायझेपीन म्हणतात.

ही औषधे बार्बिट्युरेटपेक्षा पुष्कळ सुरक्षित होती, म्हणून डॉक्टर मंडळींनी हात सैल सोडला. १९७० च्या दशकात व्हॅलियम हे अमेरिकेत सर्वांत जास्त लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांत होते. वास्तविक १९६१ सालीच तेथील एका अभ्यासात दिसले होते, की मोठ्या डोसाने लिब्रियम घेणाऱ्या रुग्णांचे औषध एकदम थांबवले तर त्यांना त्रास होतो आणि काहींना झटकेही येतात. पण ते मनावर घ्यायला बरीच वर्षे गेली. १९७९ साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली, तिथे शिकलीसवरली माणसे येऊन सांगू लागली की गोळी सुटत नाही. १९८८ साली ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना स्पष्ट कळवले : माणूस अगदी हैराण करणाऱ्या तीव्र चिंतेसाठीच ही औषधे द्या, आणि दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्या. २०२० साली अमेरिकेच्या औषध खात्याने ह्या घराण्यातल्या सगळ्या औषधांच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापायला लावला, की सवय लागते आणि एकदम सोडल्यास जिवाला धोका होऊ शकतो.

म्हणजे साठ वर्षांचा अनुभव जगाच्या गाठीला आहे. आपल्या गावच्या मेडिकलपर्यंत तो अजून नीट पोचला नाही, एवढेच.

ब्रेकची गोष्ट

गोळी नेमके काय करते? आपल्या मेंदूत स्वतःचा एक ब्रेक आहे. गाबा नावाचे द्रव्य ते काम करते. मेंदू फार वेगाने धावू लागला, की ते त्याला आवरते. गोळी गाबाचा जोर वाढवते. दोन ट्रॉल्या भरून ट्रॅक्टर उताराला लागला आणि कुणी जादा ब्रेक लावून दिला, तसे होते. गाडी सावकाश चालते, जीव भांड्यात पडतो.

आता रोज जादा ब्रेक मिळू लागला तर मेंदू काय करतो? तो आपला स्वतःचा ब्रेक ढिला सोडतो. जादाचा आहेच म्हणतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यात अर्ध्या गोळीने लागणारी झोप पुढे पुढे अर्धीने लागेनाशी होते, एक लागते. आणि एखाद्या दिवशी गोळी संपली, मेडिकल बंद होते, किंवा माणूस इरेला पेटून म्हणाला "आजपासून बंद", तर जादाचा ब्रेक गेला आणि स्वतःचा ढिला. भरली ट्रॉली उताराला सुटली.

मग काय होते ते नीट समजून घ्यावे, कारण खरी फसगत इथेच होते. झोप पार उडते. हात कापतात, घाम येतो, छाती धडधडते, बारीक आवाजानेही दचकायला होते, घरातल्यांवर चिडचिड होते. अल्प्राझोलमसारख्या लवकर उतरणाऱ्या गोळीत हे एक-दोन दिवसांतच सुरू होते. डायझेपाम अंगातून सावकाश जाते, तिथे आठवडाही मध्ये जातो. माणसाला वाटते, "बघा, गोळी सोडली की आजार परत आला. मला ही जन्मभर लागणार." आणि तो पुन्हा पट्टी आणतो, लगेच बरे वाटते, खात्रीच पटते. तो मूळचा आजार असेलच असे नाही. पुष्कळदा ती गोळी सुटल्याचीच लक्षणे असतात. पण दोन्हींचे तोंड सारखे असल्यामुळे ओळखू येत नाही. मोठ्या डोसावर किंवा पुष्कळ दिवस असलेल्या माणसाला अशा वेळी फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो.

म्हणून जे सभासद किंवा त्यांच्या घरातली माणसे दोन-चार महिने किंवा वर्षानुवर्षे ही गोळी घेत असतील, त्यांनी हा लेख वाचून आज रात्री गोळी बंद करू नये. मुद्दाम ठळकपणे सांगतो : आपल्या मनाने एकदम बंद करू नये. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे प्रा. हेदर ॲश्टन ह्या डॉक्टरबाईंनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षे केवळ ह्या गोळ्या सोडवण्याचा दवाखाना चालवला. त्यांचे सांगणे असे, की डोस थोडाथोडा, म्हणजे साधारण एक दशांशाच्या मापाने, एक-दोन आठवड्यांचे अंतर ठेवून खाली आणावा आणि वेग रुग्णाला सोसेल तसा ठेवावा. कुणाला दोन महिने लागतील, कुणाला वर्ष. किती, कसे, मध्ये दुसरी गोळी बदलून द्यायची का, हे डॉक्टर ठरवतील. आपले काम एवढेच, की जाऊन विचारायचे, "डॉक्टर, ही मला सोडायची आहे, कशी उतरवू?" ह्यात लाजण्यासारखे काही नाही. ही सवय लागलेला माणूस व्यसनी नसतो. त्याला कुणीतरी पहिल्या दिवशी मुदत सांगितली नाही, एवढेच झालेले असते.

मग घ्यायची कधी?

घरात अचानक मयत झाली, ऑपरेशन तोंडावर आले, एखाद्या धक्क्याने माणूस चार रात्री झोपलाच नाही, अशा वेळी तपासून डॉक्टर काही दिवसांसाठी देतात. ते योग्य आहे. तेव्हा उगीच बाऊ करून त्रास काढत बसू नये. फिट थांबवायला, कीटकनाशक पोटात गेल्यावर येणारे झटके आवरायला दवाखान्यात हीच औषधे सुईने देतात आणि माणसे वाचतात. दारू सोडवताना अंगाची थरथर आवरायलाही हीच वापरतात, तीही देखरेखीखाली.

पण गोळी लिहून घेतानाच दोन प्रश्न विचारावेत. किती दिवस? आणि थांबवायची कशी? डॉक्टरांनी सांगितलेली शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडून ठेवावी, जशी आपण लागणीची आणि बांधणीची तारीख मांडतो. रोज गोळी घेतली की त्या तारखेवर खूण करावी. ह्याला कारण आहे. ह्या गोळीने विसर पडतो. घेतली का नाही हे आठवत नाही आणि माणूस रात्री दुसऱ्यांदा घेतो.

प्रमाणाबद्दल एक मोठा गैरसमज आहे. पट्टीवर ०.५ मिलिग्रॅम लिहिलेले असते. लोक म्हणतात, पॉइंट पाचची काय ती गोळी, पोराला देतात तशी. तसे नाही. ॲश्टनबाईंच्या हिशेबाने अल्प्राझोलम किंवा क्लोनाझेपामची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी ही साधारण दहा मिलिग्रॅम डायझेपामच्या बरोबरीची. तणनाशकाचे जसे असते तसेच हे : एक पंपाला शंभर मिली लागते, दुसरे चिमूटभर. आकड्यावरून जोर ठरत नाही. त्यामुळे एकाची गोळी दुसऱ्याने घेणे, "माझ्या पाव्हण्याला हीच लागू पडली" म्हणून आपण आणणे, हे अगदी बंद झाले पाहिजे.

हंगामात विशेष काळजी

रात्रीची गोळी सकाळी उतरलेली असते असे समजू नये. डायझेपाम आणि क्लोनाझेपाम ह्यांचा अंमल दुसऱ्या दिवशीही अंगात राहतो. माणसाला स्वतःला तरतरीत वाटते, पण हात-पाय आणि डोळे एक क्षण मागे असतात. ट्रॅक्टरवर, मोटारसायकलवर, चरकावर किंवा कुट्टीच्या यंत्रावर तो एक क्षण पुरतो. पहाटे तीनला अड्ड्यावरून ट्रॉल्या घेऊन निघणाऱ्या ड्रायव्हरने ही गोळी घेऊन स्टिअरिंगला हात लावू नये. तोच नियम रात्रीच्या लाइटीवर पाणी पाजायला जाणाऱ्याला. विहिरीचा कठडा, ओला स्टार्टर, आणि पेंगलेला माणूस. जादा काय सांगावे! ज्याला गोळी सुरू आहे त्याची रात्रपाळी तेवढे दिवस भावाने, पोराने करावी.

आणि दारू. इथे थोडेबहुत चालते असे काहीही नाही. दोन्ही त्याच ब्रेकवर पाय देतात. एकत्र आल्या की श्वास मंदावतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. अंगदुखीवर मिळणारी ट्रॅमाडॉल आणि कोडीनचे खोकल्याचे औषध ह्यांचेही तसेच. सर्दीच्या साध्या गोळीनेसुद्धा गुंगी दुप्पट होते.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात फार लागू आहे. ओल्या कपड्यांत काम करून जांघेत, काखेत नायटा उठतो आणि त्यावर हल्ली इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल महिना महिना दिल्या जातात. ती कॅप्सूल अल्प्राझोलम अंगातून लवकर जाऊ देत नाही. नेहमीचीच अर्धी गोळी मग कितीतरी पटींनी चढते. ही दोन्ही बरोबर घ्यायची नसतात. कातडीच्या डॉक्टरला टेन्शनच्या गोळीचे सांगायचे कशाला, असे आपल्याला वाटते. सांगायचे ते ह्यासाठी.

तसेच पोटाच्या गोळीकडे जरा बघावे. पोटात कळ, गॅस, जळजळ म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांत क्लोर्डायझेपॉक्साइड मिसळलेले असते. क्लोर्डायझेपॉक्साइड म्हणजे वर सांगितलेले ते लिब्रियमच. नैराश्यावरच्या काही गोळ्यांतही क्लोनाझेपाम जोडून येते. म्हणजे "मी टेन्शनची गोळी घेत नाही" म्हणणारा माणूस वर्षभर ती घेत असू शकतो. पट्टीच्या मागची बारीक अक्षरे पोराला, नातीला वाचायला लावावीत.

म्हाताऱ्या माणसांबद्दल तर फारच जपून. वय झाले की औषध अंगात जास्त साठते. रात्री लघवीला उठताना तोल जातो, खुब्याचे हाड मोडते आणि मग अंथरूण धरले जाते. काही वेळा आजी विसरायला लागली, भलतेच बोलते, असे घरचे म्हणतात आणि ते वयावर घालतात. तिच्या उशाखालची पट्टीही एकदा बघावी. घोरताना ज्याचा श्वास अडतो, ज्याला दमा आहे, चुलीच्या धुराने ज्या बाईची छाती भरलेली आहे, जिला दिवस गेले आहेत किंवा जी अंगावर पाजते आहे, त्या सगळ्यांनी हे डॉक्टरांना आधी सांगावे.

कायदा काय म्हणतो

मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय गोळी देत नाही म्हणून काही मंडळी त्याच्याशी भांडतात. तो बरोबर करतो. अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोर्डायझेपॉक्साइड ही औषधे 'शेड्यूल एच-१' मध्ये आहेत. हा नियम १ मार्च २०१४ पासून लागू आहे. डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय विकायची नाहीत, विकली तर डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षे ठेवायची, असा दंडक आहे. पट्टीवर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. जो दुकानदार ओळखीवर पट्टी पुढे सरकवतो तो आपला मित्र नव्हे, मग तो गावकीतला असला तरी.

धडधड कशाची?

गोळीकडे जाण्याआधी एकदा अंग तपासून घ्यावे. थायरॉइड वाढलेला असला तरी छाती धडधडते, हात कापतात, वजन उतरते. साखरेच्या गोळ्या घेऊन उपाशीपोटी रानात गेल्यावर साखर उतरते, तेव्हाही घाम आणि घाबरे होते. अंगात रक्त कमी असलेल्या बायकांना जिना चढताना धडधडते. दिवसाला आठ-दहा कप चहा आणि वर तंबाखू असेल तर झोपेला दोष देण्यात अर्थ नाही. आणि छातीत दाबल्यासारखे होऊन कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, तर टेन्शन म्हणून घरात न थांबता ताबडतोब दवाखाना गाठावा.

तपासणीत काही निघाले नाही आणि काळजी महिनोन्महिने हटत नसेल, तर त्या लांबलेल्या काळजीवर ही गोळी उपाय नाही. त्यासाठी वेगळी औषधे आहेत, उदाहरणार्थ सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम. ती रोजची असतात, गुण यायला दोन-चार आठवडे किंवा जास्त लागतात, त्यामुळे लोक आठ दिवसांत कंटाळून सोडतात. सोडू नयेत, आणि थांबवायचीही डॉक्टरांच्या सांगण्यानेच. बोलून मन मोकळे करण्याची, विचारांना वळण लावण्याची उपचारपद्धतीही आहे आणि तिचा गुण टिकाऊ असतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ ह्या नंबरवर दिवसरात्र फोन करता येतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. घरात कुणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करू लागले, तर ती रिकामी बडबड समजू नये. हा फोन लावावा, माणसाला एकटे सोडू नये आणि घरातल्या गोळ्या व फवारणीची औषधे त्याच दिवशी कुलपात घालावीत.

तोड लांबल्याची आणि बिल अडकल्याची काळजी आहे, त्यावर मात्र जगात कुठेही गोळी निघालेली नाही. त्याचे औषध आपल्या गट ऑफिसात आणि संचालक मंडळाच्या बैठकीत आहे, आणि ते तिथे सभासदांनी हक्काने मागावे, असे आमचे मत आहे.

डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या, अर्ध्यामुर्ध्या उरलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्याव्यात. बीपीची, साखरेची, नायट्याची, पोटाची, वैद्याची पुडी असली तर तीही. नावे सांगत बसण्यापेक्षा पिशवी टेबलावर उपडी करावी आणि कुठली कधीपासून, किती घेता ते खरे सांगावे. दारू घेत असाल तर तेही. मुदत संपलेल्या आणि नको असलेल्या गोळ्या शेणकुडाच्या ढिगावर टाकू नयेत, पोरे उचलतात. त्या मेडिकलवाल्याला विचारून त्याच्याकडे द्याव्यात. सुरू असलेली पट्टी कुलपात, आणि तिची किल्ली ज्याला गोळी आहे त्याच्याखेरीज घरातल्या आणखी एका जाणत्या माणसाला माहीत असावी.